एक कान जमिनीकडे

परवा दुपारी वाडीकडून गार वारा आला आणि माझा डाव्या कानावरचा हेडफोन मागे सरकला. सरकवला मीच, पण हातानं मला विचारलं नव्हतं. आई अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील उलटत होती. तिला खिडकीतून दिसलं असणार. "आलं गो बाय तुझं वेड परत," ती म्हणाली. थंडी पडली की आमच्या डहाणूजवळच्या नरपडात कुणी गोधड्या उन्हात टाकतं, कुणी चिकूच्या पेट्या भरायला लागतं. मी एक कान मोकळा करते.

मी आंधळी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी चुकचुकायला नको. लहानपणी तापात नजर गेली ती गेली. समुद्र थोडाफार आठवतो, आणि आईच्या एका साडीचा हिरवा रंग. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं. लोकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची, त्यांच्या फाइली जागच्या जागी लावून द्यायच्या, हे काम. पडदा बंदच असतो, माऊस कुठेतरी फडताळात पडलाय. मी बाण दाबते आणि स्क्रीन रीडरचा आवाज मला सांगत जातो, इथे हे फोल्डर आहे, त्याच्याखाली ते. एंटर दाबलं की आत. ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की एक पायरी बाहेर. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की थेट त्या नावावर उडी. डोळस माणसं बघत बघत शोधतात. आम्ही वाट पाठ करतो. स्वतःच्या घरात मोरीपर्यंत जायला कोणी दिवा लावत नाही, तसंच आहे ते.

मुंबईत शिकले तेव्हा मला सांगितलं होतं, दोन्ही कान त्या आवाजाला द्यायचे, बाकी जग बंद करायचं. बरोबरच होतं ते, मुंबईपुरतं. तलासरीत शिकवायला गेले आणि ती सवय एका हिवाळ्यात मोडली.

काही वर्षं झाली त्या हिवाळ्याला. भात कापून झालं होतं, एसटीच्या खिडकीतून पेंढ्याचा वास आत यायचा, आणि जमिनीतून आवाज यायला लागले. हलायचं नंतर, आधी आवाज. कुणीतरी भरलेलं पोतं आपटावं तसा, पण खालून. पहिले काही दिवस लोक म्हणाले, दगडाच्या खाणीत सुरुंग लावताहेत. मग खाण बंद होती त्या दिवशीही आवाज आला आणि लोक काही म्हणेनासे झाले. आतल्या पाड्यांवर भिंतींना तडे गेले. तंबू आले, ते पुरले नाहीत, मग ज्यानं त्यानं ताडपत्र्या बांधल्या. थंडीत पोराबाळांना घेऊन लोक स्वतःच्या घरासमोर, घराबाहेर झोपायला लागले. रानशेत-गंजाडकडची माणसं डहाणूच्या बाजारात भेटली की पहिला प्रश्न, "काल जाणवला काय?" आमच्याकडे किनाऱ्यावर फक्त मांडणीतली भांडी वाजायची. आई म्हणायची, "मांजर असंल." आमचं मांजर मरून वर्ष झालं होतं.

आठवड्यातून दोनदा मी तलासरीला जायचे. एका लहानशा संस्थेनं पिठाच्या गिरणीमागची खोली भाड्यानं घेऊन तिथे आमच्यासारख्यांसाठी कॉम्प्युटर मांडले होते. गिरणी सुरू असली की भिंत थरथरायची, टेबल थरथरायचं, कीबोर्डची बटणं बोटांखाली कुरकुरायची. सगळ्यांना वाटायचं, गिरणीच्या आवाजानं मला शिकवायला त्रास होतो. त्रास कसला! मला भीती वाटायची. गिरणी चालू असताना खालून काही आलं, तर कळणार कसं? गिरणीवाला भय्या पट्टा उतरवायचा आणि सगळं शांत व्हायचं, तेव्हा मी श्वास सोडायचे. मग त्या शांततेचीच भीती वाटायला लागायची.

शिकायला मोजकी मुलं होती. त्यात जानकी. जन्मापासून आंधळी, विशीच्या आतबाहेरची, आतल्या पाड्यावर घर, घरी भात आणि नागलीची शेती. बोलायला फटकळ, त्यामुळे माझं आणि तिचं जमलं. तिला तिची आई घेऊन यायची. दोघी चालत यायच्या. वर्ग सुटेपर्यंत आई गिरणीच्या ओट्यावर बसून राहायची, आत ये म्हटलं तरी येत नसे. "माझे पाय मातीचे," म्हणायची.

कॉम्प्युटर शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो, उघडायचं कसं? गाणी कुठे असतात? जानकीनं खुर्चीत नीट बसायच्या आधी विचारलं, "ताई, आत शिरायचं मागून शिकव. भायेर कसं निघायचं ते पयलं सांग."

मी हसले. "अगं, आत गेल्याशिवाय बाहेर कशी येशील?"

"आत तर कोन पण जातो," ती म्हणाली.

म्हणून तिला मी आधी ऑल्ट आणि वरचा बाण दिला. तिचा तो खेळच होऊन बसला. मी तिला कुठल्यातरी फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरच्या पोटात नेऊन सोडायचे आणि ती भराभर बाहेर यायची. फार भराभर. बोटं आवाजाच्या पुढे पळायची. मी तिच्या मनगटावर टिचकी मारून सांगायचे, "दाब, ऐक, मग दाब. कुठे आलीस ते कळल्याशिवाय पुढचं पाऊल नाही." ती चिडायची. "येवढा टाइम कुठे असतो ताई?" टाइम कशाला हवा होता, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

एका दुपारी कळलं. गिरणी बंद होती. जानकी फोल्डरची नावं ऐकत होती आणि खालून तो आवाज आला, आजवरचा सगळ्यात जवळचा. मग टेबल बाजूला सरकलं. वर पत्रा खडखडला, कुणीतरी किंचाळलं, मी "बाहेर! बाहेर!" ओरडले, खुर्च्या पडल्या, मुलं भिंत धरून दाराकडे निघाली. आणि त्या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेनं कुणीतरी आत आलं. मला घासून गेलं. घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास. जानकीची आई होती ती. जिला एरवी आपल्या पायांच्या मातीची लाज वाटायची, ती सगळ्यांना ढकलत आत घुसली, पोरीचं मनगट धरलं आणि तिला ओढत घेऊन गेली. कॉम्प्युटर चालूच होता. त्याचा तो आवाज त्याच सुरात सांगत होता, फोल्डर रिकामं आहे. मला त्या दिवशी त्या आवाजाची पहिल्यांदा किळस आली.

बाहेर रस्त्यावर सगळे उभे होते. जानकीनं माझा दंड पकडला, भीतीनं नव्हे. रागानं.

"बघितलंस ना ताई? अशीच करते ही. धडाम झाला का सगले भायेर पळतात आणि ही एकली आत पळते. घरी पण असंच. शेतावर असली तरी धावत येते आणि कौलाखाली शिरते. मी आत हाय म्हणून."

आई शांतपणे म्हणाली, "पोर आत असंल तर काय करू? उभी राहू भायेर?"

"मी येते माझी!"

"येशील तवा येशील."

तर हा हिशेब होता. बटणांचा वेग, बाहेर यायची घाई, सगळं त्यासाठी. आई शेतावरून दारापर्यंत पोहोचायच्या आत जानकीला उंबऱ्याबाहेर असायला हवं होतं. ती बाहेर दिसली तर आई थांबणार होती. नाही दिसली तर आई आत जाणार होती, आणि घर पडायचं असेल तर आईवर पडणार होतं. आपण आंधळी माणसं स्वतःच्या पडण्याझडण्याची काळजी करत बसतो. आपल्यासाठी कोण कुठे धावतंय, ते आपल्याला दिसतच नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून घराचीही फोल्डरं केली. हसू नका, खरंच केली. तिची पथारी सगळ्यात आतलं फोल्डर. तिथून चूल, चुलीवरून उंबरा, उंबऱ्यावरून अंगण, अंगणात फणसाचं झाड. एकेक पायरी बाहेर. ती घरी जाऊन रोज सराव करायची आणि वर्गात येऊन सांगायची, "आज आय येयाच्या आधी फणसाला पोचली." कधी आईनं हरवलं तर तोंड पाडून बसायची.

मधेच एक गोष्ट घडली, ती तशी साधी. संस्थेतले एक सर आले. भला माणूस, मुलांसाठी चिकू घेऊन आला होता. वर्ग सुटल्यावर त्यानं कॉम्प्युटरवरचा पसारा आवरला. डोळसांना आवरायची भारी हौस. सगळी सुटी फोल्डरं उचलून एका नव्या फोल्डरमध्ये घातली, आणि छान झालं म्हणत निघून गेला. पुढच्या वेळी जानकीनं आपल्या गाण्यांच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं. भलतंच नाव आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं कुणाला विचारलं नाही. तिला वाटलं, आपणच चुकलो. म्हणून ती मागे मागे जात राहिली आणि अगदी पहिल्या जागी येऊन हात मांडीवर ठेवून गप्प बसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी वाट विसरली."

वाट ती विसरली नव्हती. वाट कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवली होती. पण आमच्यात हे असंच होतं. वस्तू जागेवर नसली तर वस्तूवर शंका येत नाही, स्वतःवर येते. सरांना मी फोनवर चार शब्द सुनावले. ते बिचारे म्हणाले, "अहो, पण मी काही डिलीट नाही केलं." मला रडावं की हसावं, कळेना.

मग कणगीचं झालं. भाताची कणगी, म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसाच्या उंचीची. ती जानकीच्या पथारीच्या डोक्याशी असायची. धक्के वाढले तसं आईच्या मनात आलं, ही पोरीच्या अंगावर पडली तर? नवराबायकोनं मिळून ती सरकवत सरकवत दाराजवळ नेऊन ठेवली. जानकी त्या वेळी शेजारी गेली होती. आल्यावर तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. कणगी समोर दिसतच होती की!

त्याच दिवशी उन्हं वर आली असताना धक्का आला. जानकी घरात एकटी तांदूळ निवडत होती. ती उठली, चूल ओलांडली, उंबऱ्यासाठी हात पुढे केला आणि हाताला कणगी लागली. कणगी म्हणजे घराचा सगळ्यात आतला कोपरा. तिला वाटलं, घाबरून आपण उलट्या दिशेला आलो. दार तिच्यापासून हातभर होतं, आणि ती वळून परत आत गेली.

आईनं विहिरीवरून धावत येऊन अंगणात पाहिलं. फणसाखाली कुणी नव्हतं.

पुढचं मला जानकीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. आई आत शिरली, तिनं पोरीला खांद्यानं दाराबाहेर लोटलं आणि वरून वासा कौलांसकट खाली आला. आईच्या खांद्याचं हाड मोडलं. डोकं वाचलं. जानकी सांगताना रडली नाही, पण माझा हात इतका घट्ट धरला होता की मला बांगडी रुतली. "तिनं माझ्यासाठीच सरकवली गो ताई," ती सारखी म्हणत होती. "माझ्यासाठीच." आत खाटेवर आई बडबडत होती, पोरीला खरचटलं का बघा कोणीतरी, नवऱ्याला म्हणत होती, कणगी भिजू देऊ नका.

मी पुढे त्यांच्याकडे गेले, तेव्हा घर बदललेलं होतं. कौलं शाकारली होती, भिंत लिंपली होती, पण मी म्हणते ते दुसरंच. जानकीनं घरात कायदा केला होता. वस्तू हलवली की मोठ्यानं बोलायचं, कुणी ऐकायला असो वा नसो. मी ओट्यावर चहा पीत होते आणि तिचे बाबा, एरवी एक शब्द न बोलणारा माणूस, आत येऊन भिंतीला सांगत होते, "कोयता खुंटीला लावला." आई खांदा फडक्यात बांधून फिरत होती. "हंडा चुलीच्या उजव्या अंगाला हाय. कोंबडी टोपलीखाली झाकली." मी हसत सुटले. अख्खं घर स्क्रीन रीडर झालं होतं. आणि हसता हसता मी पाय जमिनीला घट्ट टेकवून बसले होते, कारण बोलता बोलता सगळी माणसं मधेच एकदम थांबायची. सगळी एकाच वेळी. कुत्रंसुद्धा. काही आलं नाही की पुन्हा बोलायला लागायची. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती बसली की चहा तसाच राहिला.

ते दिवस संपले असं कुणीच सांगितलं नाही. ताडपत्र्या फाटल्या, लोक हळूहळू घरात झोपायला लागले, आवाज विरळ झाले. गिरणीमागची खोली सुटली, संस्था दुसरीकडे गेली. दर पावसाळ्यात आपण विसरतो आणि दर थंडीत माझा हात हेडफोनकडे जातो. माणसं म्हणतात, जमीन निवली. जमिनीचं काय निवायचं असतं, मला तर कळत नाही. एखादा माणूस गप्प बसला म्हणून त्याचा राग गेला असं थोडंच असतं?

जानकी आता माझ्याबरोबर काम करते, तिच्या घरून. माझ्याहून जलद आहे, आणि ते ती मला ऐकवतेही. या दिवाळीच्या आगेमागे तिची आई शेतातल्या बांधावरून पडली. कंबरेचं हाड. डॉक्टर म्हणाले पडून राहा, आणि आता पडूनच आहे. सकाळी बाबा आणि जानकी मिळून तिला खाटेसकट अंगणात आणायचे, पण म्हातारी कुरकुर करते. ऊन लागतं, कोंबड्या टोचतात, येणारे-जाणारे बघतात. हल्ली ती हलायलाच तयार नाही. "मला घरात मरू द्या," म्हणते. धडधाकट होती तेव्हाही हट्टीच होती.

परवा रात्री तिकडे आवाज पुन्हा सुरू झाले.

काल दुपारी मला एक फाइल सापडेना म्हणून मी जानकीला फोन केला. ती अंगणात लॅपटॉप घेऊन बसली होती, बाबा बाजाराला गेले होते. फोन तिनं दोरीनं गळ्यात अडकवलेला असतो. तिच्या लॅपटॉपचा आवाज मला ऐकू येत होता, एकेक फोल्डर उघडत ती आत चालली होती. "हाय ताई, थांब, मिळतं," असं ती म्हणत होती आणि फोनमध्ये तो आला. खालून पोतं आपटल्यासारखा. वर्षानुवर्षं न विसरलेला.

"जानके, झाडाखाली जा," मी म्हटलं.

मला तिची पावलं ऐकू आली, पळणारी. लॅपटॉपचा आवाज लांब जायला लागला. अंगणात आवाज मोकळा असतो, घरात तो कोंडतो, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या श्वासाचा आवाज तसा कोंडला, चार भिंतींतला. माझ्या लक्षात आलं, आणि मी नुसतीच ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. तेवढ्यात धक्का तलासरीहून माझ्यापर्यंत आला. नरपडला यायला त्याला एक श्वासभर वेळ लागतो. मांडणीतली भांडी वाजली, माझी खुर्ची हलली. आई अंगणातून हाका मारत होती, "वंदू, बाहेर ये गो, बाहेर ये!" मी फोन कानाला दाबून तशीच बसून राहिले. तिकडे कौलं वाजत होती. खूप वेळ वाजल्यासारखी वाटली.

मग कौलं थांबली. जानकी धापा टाकत होती, बहुतेक आईच्या अंगावर ओणवी होऊन, कारण म्हातारीचा आवाज फोनच्या अगदी जवळून आला.

"कशाला आलीस आत? भायेर होतीस ना? कशाला आलीस मरायला?"

"तू कशाला येत होतीस?" जानकी म्हणाली.

माझी आई आत येऊन माझा दंड धरून ओढत होती. मी म्हटलं, "जानके, फोन ठेवू नकोस."